ठिपका कोणाचा? जलद रेडिओ स्फोटांच्या जागी स्थायी स्रोत शोधताना

जलद रेडिओ स्फोट, म्हणजे ज्यांना आम्ही बोलताना सरसकट एफआरबी म्हणतो, ते काही मिलिसेकंदांत येतात आणि जातात. आमच्या गटाने हाती घेतलेले काम त्या मिलिसेकंदांचे नव्हते. स्फोट होत नसताना त्याच जागी काही तेवत राहते का, आणि राहत असेल तर ते रेडिओत, दृश्यप्रकाशात की क्ष-किरणांत, हे आम्हाला पाहायचे होते. वरवर पाहता हे सोपे वाटते: जागा ठाऊक आहे, दुर्बीण तिकडे रोखायची, काही तास प्रकाश गोळा करायचा आणि प्रतिमेत ठिपका आहे की नाही ते पाहायचे. प्रत्यक्षात ठिपका दिसणे हा कामाचा लहानसा भाग निघाला. तो ठिपका कोणाचा हे ठरवण्यात, आणि ठिपका नसेल तर त्या नसण्याच्या आधारावर नेमके किती बोलता येईल हे ठरवण्यात आमचा बहुतेक वेळ गेला.

या शोधाला दिशा मिळाली ती एका स्रोतामुळे. पहिला एफआरबी २००७ मध्ये जाहीर झाला, तोही पार्क्स दुर्बिणीच्या २००१ सालच्या साठवलेल्या नोंदींतून. तो एकदाच दिसला आणि संपला. अरेसिबो दुर्बिणीला नोव्हेंबर २०१२ मध्ये मिळालेला एफआरबी २०१२११०२ए मात्र पुन्हा पुन्हा स्फोट करतो, हे २०१६ मध्ये कळले. स्फोट पुन्हा होणार याची खात्री असली की त्याची वाट पाहत मोठी जाळी त्या दिशेला लावून बसता येते. अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरे या अनेक ॲंटेनांच्या जाळीने तसेच केले आणि २०१७ मध्ये त्याची जागा विकलेच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) दहाव्या भागाइतकी अचूक कळली. तिथे ०.१९३ ताम्रसृतीची (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती तांबडा झाला याचे, म्हणजेच अंतराचे माप), पंचविसाव्या प्रतीची, म्हणजे अतिशय मंद, अशी एक बुटकी दीर्घिका होती, आणि तिच्यातच सुमारे १८० मायक्रोजान्स्कीचा (जान्स्की हे रेडिओ तेजाचे एकक), स्फोट असो वा नसो, सतत दिसणारा रेडिओ स्रोत होता. दूरदूरच्या दुर्बिणी जोडणाऱ्या युरोपीय व्हीएलबीआय जाळ्याने पुढे दाखवले की स्फोट आणि हा स्रोत एकमेकांपासून ४० पार्सेकच्या (पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे) आत आहेत आणि स्रोताचा स्वतःचा आकार ०.७ पार्सेकहून लहान आहे. इतक्या लहान जागेत, तेही दीर्घिकेच्या केंद्राबाहेर, असे काही असेल ही कल्पना तोवर फारशी कोणी केली नव्हती.

त्यानंतर असे स्थायी स्रोत सर्रास सापडतील अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. कॅनडातील चाइम दुर्बिणीच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच यादीत ५३६ स्फोट आहेत; पण ज्यांच्या जागी घट्ट, बिंदुवत् आणि टिकाऊ रेडिओ स्रोत खात्रीने दाखवता येतो असे एफआरबी अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. चीनच्या फास्ट दुर्बिणीने शोधलेला २०१९०५२०बी, नंतर २०२०११२४ए, २०२४०११४ए ही त्यांतली ठळक नावे. हे स्रोत दुर्मीळ आहेत की आपली नजर तोकडी पडते, हा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि आमचे काम त्या प्रश्नाच्या एका कोपऱ्याचे होते.

कामाला सुरुवात केली ती एका साध्या हिशेबाने. काही गिगाहर्ट्झवर, १०० मायक्रोजान्स्कीहून तेजस्वी असे रेडिओ स्रोत आकाशाच्या एका चौरस अंशात ढोबळमानाने हजार धरले, तर एक कला (साठ विकला) त्रिज्येच्या वर्तुळात त्यांतला सरासरी जवळजवळ एक सापडतोच. म्हणजे एखाद्या स्फोटाची जागा कलेच्या अचूकतेनेच ठाऊक असेल, तर तिथे रेडिओ ठिपका मिळणे ही बातमीच नव्हे. तो न मिळाला तरच थोडे आश्चर्य. हेच वर्तुळ एक विकला त्रिज्येचे केले की योगायोगाची शक्यता हजारात एकाच्याही खाली, काही दशसहस्रांशांवर येते. त्यामुळे आम्ही पहिली चाळणी लावली ती जागेच्या अचूकतेची, आणि हाताशी असलेल्या यादीतले बहुतेक स्फोट तिथेच गळाले. मनाला लागले तरी इलाज नव्हता. उरलेल्यांपैकी ज्या पुनरावर्ती स्रोतावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला, त्याची जागा विकलेच्याही आतल्या अचूकतेने ठाऊक होती आणि यजमान दीर्घिकाही, म्हणजे स्फोट जिच्यात होतात ती, निश्चित झालेली होती. या लेखात मी त्याला नुसते ‘आमचा स्रोत’ म्हणणार आहे.

त्याच्याकडे वळण्याआधी आम्ही व्हेरी लार्ज ॲरेच्या खुल्या संग्रहातून २०१२११०२एची जुनी निरीक्षणे उतरवून घेतली आणि कच्च्या नोंदींपासून प्रतिमेपर्यंतची वाट एकदा पूर्ण चालून पाहिली. उत्तर आधीच ठाऊक असलेले गणित सोडवण्याचा फायदा असा की पद्धतीत खोट असली तर ती लगेच उघडी पडते. उपग्रह आणि मोबाइल यंत्रणांच्या व्यत्ययाने खराब झालेल्या वाहिन्या काढून टाकायच्या, प्रमाणित तेजस्वी स्रोतावरून प्रवाहाची पट्टी बसवायची, लक्ष्याशेजारच्या कॅलिब्रेटरवरून, म्हणजे ज्ञात स्रोतावरून, प्रत्येक ॲंटेनातल्या लहरींची कला (फेज) कालानुसार जुळवायची, मग प्रतिमा, मग क्षेत्रातल्याच तेजस्वी स्रोतांवरून पुन्हा स्वयं-कॅलिब्रेशन, हा क्रम ठरलेला आहे. कष्टाचा भाग त्यापुढे असतो. क्षेत्राच्या कडेला एखादा तेजस्वी स्रोत बसलेला असतो आणि त्याच्या बाजूलहरींचे, म्हणजे त्याच्याभोवती उमटणारे खोटे, पट्टे नेमके आपल्या जागेवरून जातात. आमच्या स्रोताच्या बाबतीत तर असा एक शेजारी होताच. त्याचे स्वतंत्र कॅलिब्रेशन करून तो नोंदींतून वजा केल्यावर प्रतिमेतला गोंगाट सैद्धान्तिक अपेक्षेच्या जवळ आला. तोवर त्या भागातला एकही उंचवटा विश्वासार्ह नव्हता.

शेवटच्या प्रतिमेत एफआरबीच्या जागी चार सिग्माचा, म्हणजे गोंगाटाच्या नेहमीच्या चढउताराच्या चौपट उंचीचा, एक उंचवटा होता.

चार सिग्माचे मोल किती, हे तुम्ही तो कुठे आणि कसा शोधलात यावर ठरते, आणि हा मुद्दा निबंधांतही पुष्कळदा घाईने उरकला जातो. समजा दुर्बिणीचा बीम, म्हणजे तिला वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान ठिपका, दोन विकलांचा आहे आणि शोध एक कला त्रिज्येच्या वर्तुळात चालला आहे. त्या वर्तुळात साधारण अडीच हजार स्वतंत्र बीम मावतात, आणि गोंगाट अगदी आदर्श असला तरी तीन सिग्माहून उंच असे तीन-चार ठिपके त्यात नुसत्या योगायोगाने उगवतात. तिथे पाच सिग्माची अट घालणे भाग असते. आमच्याकडे मात्र जागा आधीच ठरलेली होती, एकच बीम तपासायचा होता, म्हणून चार सिग्मा दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. अर्थात हा सगळा हिशेब गोंगाट आदर्श आहे या गृहीतावर उभा असतो, आणि रेडिओ प्रतिमेतला गोंगाट आदर्श क्वचितच असतो. त्याची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत आहे: उणे बाजू मोजायची. आकाशात उणे तेजाचे स्रोत नसतात, त्यामुळे प्रतिमेत उणे चार सिग्माचे खड्डे जितके, तितकेच खोटे उंचवटेही असणार. आम्ही आजूबाजूच्या भागात असे खड्डे मोजले. ते अपेक्षेहून थोडे जास्त, पण हाताबाहेर गेलेले नव्हते. मग निरीक्षणाचे कालानुसार दोन भाग केले, नंतर वारंवारितेनुसार दोन भाग केले. खरा आणि स्थिर स्रोत अशा प्रत्येक अर्ध्यात दिसला पाहिजे, फक्त त्याची ठळकता दोनाच्या वर्गमूळाने कमी झाली पाहिजे. चारही प्रतिमांत तो होता, सरासरी तीन सिग्माच्या आसपास.

तो ठिपका स्फोटांचाच उरलासुरला प्रकाश असेल का, अशी शंका आमच्या चर्चेत निघाली आणि ती रास्त होती, कारण निरीक्षणाच्या काळात स्रोत सक्रिय होता. हिशेब असा: एक जान्स्की-मिलिसेकंद प्रभावाचा (तेज गुणिले कालावधी) स्फोट तासाभराच्या प्रतिमेत सरासरीने पसरला की त्याचा वाटा जेमतेम ०.२८ मायक्रोजान्स्की उरतो. आमच्या ठिपक्याइतके तेज जमायला त्या काळात असे शेकडो स्फोट व्हायला हवे होते. आम्ही स्फोटांच्या वेळा वगळून प्रतिमा पुन्हा बनवली. काही बदलले नाही.

म्हणजे ठिपका खरा होता. आता तो कोणाचा?

इथे २०२०११२४एची हकिकत आमच्या समोर होती, आणि सगळ्या प्रकरणात शिकण्याजोगे मला तीच वाटते. त्याची यजमान दीर्घिका ०.०९८ ताम्रसृतीवर आहे, म्हणजे तिथली एक विकला सुमारे १.८ किलोपार्सेक भरते. पुण्याजवळची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आणि व्हेरी लार्ज ॲरे या दोन्हींना २०२१ मध्ये तिथे रेडिओ प्रकाश मिळाला. पण व्हीएलबीआय जाळ्याने त्याच जागी पाहिल्यावर घट्ट गाभा दिसला नाही. व्हीएलबीआयचे दूरदूरचे ॲंटेना पसरट प्रकाशाला आंधळे असतात, त्यामुळे लहान जाळ्याला दिसणारे आणि मोठ्या जाळ्याला न दिसणारे तेज पसरट असले पाहिजे, आणि पसरट तेज म्हणजे बहुधा नव्या ताऱ्यांच्या जन्माचा प्रदेश, असा निष्कर्ष निघाला. तो चुकीचा नव्हता. पुढे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात उंच वारंवारितेवर अधिक संवेदनशील निरीक्षणे झाली, तेव्हा त्या पसरट प्रकाशाच्या आत एक मंद, वेगळ्याच वर्णपटाचा घट्ट घटक सापडला: त्याचे तेज वारंवारितेबरोबर वाढत जात होते, तर भोवतालच्या ताराजन्माचे घटत होते. एकाच जागी दोन स्रोत होते आणि कोणत्या वारंवारितेवर पाहता यावर उत्तर ठरत होते.

म्हणून आम्ही दीर्घिकेचा ताराजन्माचा वेग काढायला घेतला. दृश्यप्रकाशाच्या वर्णपटातील हायड्रोजनच्या एच-अल्फा रेषेवरून, धुळीने गिळलेला भाग दुरुस्त करून, हा वेग काढतात, आणि त्यावरून त्या दीर्घिकेने १.४ गिगाहर्ट्झवर किती चमकावे हे ठरलेल्या संबंधाने सांगता येते. २०१२११०२एच्या बुटक्या दीर्घिकेत वर्षाला अर्ध्या सूर्याइतकेही नवे तारे घडत नाहीत. त्यातून अपेक्षित असलेले रेडिओ तेज स्थायी स्रोताच्या तुलनेत दहा पटींहूनही कमी भरते, म्हणूनच तिथे शंकेला जागा उरत नाही. आमच्या दीर्घिकेत तसे भाग्य नव्हते. अपेक्षित तेज आणि मोजलेले तेज चुकांच्या मर्यादेत सारखेच निघाले. व्हीएलबीआयची वेळ मिळाली, निरीक्षण झाले, आणि त्या जागी काहीही नव्हते. ठिपका दीर्घिकेचा होता, आणि एफआरबीच्या वाट्याला आली ती वरची मर्यादा.

क्ष-किरणांचे गणित याहून वेगळे आहे, कारण तिथे माणूस शब्दशः फोटॉन मोजत बसतो. चंद्रा दुर्बिणीची नजर अर्ध्या विकलेइतकी तीक्ष्ण असल्याने एक विकला त्रिज्येचे वर्तुळ आखले तरी पुरते, आणि अनेक तासांच्या निरीक्षणातही त्या वर्तुळात पार्श्वभूमीचा एखाददुसराच फोटॉन पडतो. शून्य फोटॉन आले तरी स्रोत शून्य आहे असे म्हणता येत नाही. ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की सरासरी तीनहून अधिक फोटॉन अपेक्षित असतील असा स्रोत तिथे नाही. आमच्या वर्तुळात एक फोटॉन होता. पार्श्वभूमी नगण्य धरली तर त्या एकट्याने मर्यादा तीनवरून पावणेपाचवर नेली. तो पार्श्वभूमीचाच असणार हे आम्हा सर्वांना पटत होते, पण पटण्यावरून कोणाला फोटॉन वगळता येत नाही.

त्या पावणेपाच फोटॉनांचे ऊर्जाप्रवाहात रूपांतर करताना आणखी दोन गृहीतके घ्यावी लागतात: क्ष-किरणांचा वर्णपट कसा आहे, आणि वाटेत किती शोषण होते. आकाशगंगेतल्या शोषणाचा अंदाज स्फोटाच्या विक्षेपणमापातल्या (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या मापातल्या) आकाशगंगेच्या वाट्यावरून बांधता येतो. यजमान दीर्घिकेतले, आणि विशेषतः स्रोताला लगटून असलेले शोषण मात्र हाती लागत नाही. स्फोटांचा उगम मानला जाणारा नवजात मॅग्नेटार (अतिशय चुंबकित न्यूट्रॉन तारा) काही दशकांपूर्वीच्या अतिनवताऱ्याच्या अवशेषात गुंडाळलेला असेल, तर मृदू क्ष-किरण आतच जिरून जातात आणि आपली मर्यादा अर्थहीन ठरते. आम्ही शोषणाच्या तीन वेगवेगळ्या पातळ्यांसाठी तीन मर्यादा दिल्या. एकच आकडा छापणे देखणे दिसले असते. पण वाचणाऱ्याने तो आपल्या प्रतिमानात टाकला असता आणि भलताच निष्कर्ष काढला असता. शिवाय अंतराचे भान ठेवावे लागते: २०१२११०२एच्या स्थायी क्ष-किरणांवर मिळालेली मर्यादा क्रॅब नेब्युला या आपल्याच आकाशगंगेतल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषाच्या तेजाच्या दहा हजार पटींहूनही वर आहे. म्हणजे तिथे क्रॅबसारखा तेजोमेघ असला काय किंवा नसला काय, क्ष-किरणांत आपल्याला तो कळणार नाही. याउलट एम८१ या शेजारच्या दीर्घिकेतील गोलाकार तारकागुच्छात असलेला २०२००१२०ई केवळ ३.६ मेगापार्सेकवर आहे, आणि क्ष-किरणांतल्या मर्यादा खऱ्या अर्थाने बोचतात त्या अशा जवळच्या स्रोतांच्या बाबतीत.

दृश्यप्रकाश आणि गॅमा किरणांबाबत थोडक्यात सांगतो, कारण हाती फार लागले नाही. जुन्या सर्वेक्षणांच्या प्रतिमा एकमेकांतून वजा करून त्या जागी पूर्वी अतिनवतारा उजळून गेला होता का हे आम्ही तपासले. तसा काही माग नव्हता. फर्मी उपग्रहाच्या गॅमा नोंदी २००८ पासून उपलब्ध आहेत, पण कमी ऊर्जेला त्याची नजर अंशाच्या घरात अंधुक असल्यामुळे आकाशगंगेच्या पट्ट्याजवळच्या स्रोतासाठी त्यांतून निघणारी मर्यादा फारच सैल होती. उलट दिशेने केलेला शोध मला अधिक फलदायी वाटतो: पीटीएफ१०एचजीआय या अतितेजस्वी अतिनवताऱ्याच्या जागी स्फोटानंतर सात-आठ वर्षांनी रेडिओ स्रोत दिसू लागला, आणि त्याची तुलना २०१२११०२एच्या स्थायी स्रोताशी केली गेली.

आमच्या मर्यादेला वजन कशामुळे आले, तर फॅरडे परिवलनामुळे. स्फोटांच्या ध्रुवीकरणाचे प्रतल वाटेतल्या चुंबकित वायूमुळे किती वळते हे परिवलनमाप सांगते. २०१२११०२एसाठी ते एक लाख रेडियन प्रति चौरस मीटरच्या आसपास मोजले गेले आणि नंतरच्या वर्षांत घटत गेले. २०१९०५२०बीसाठी तर त्याचे चिन्हच उलटले. या दोघांकडेही तेजस्वी स्थायी स्रोत आहे. याच्या दुसऱ्या टोकाला २०१८०९१६बी आहे: दर सोळा-साडेसोळा दिवसांनी सक्रिय होणारा, सुमारे दीडशे मेगापार्सेकवरच्या सर्पिल दीर्घिकेतला हा एफआरबी जवळचा असूनही त्याच्याकडे स्थायी स्रोत सापडलेला नाही, आणि त्याचे परिवलनमाप शंभराच्या आसपासच आहे. चुंबकित वायू आणि रेडिओ तेज हे एकाच तेजोमेघाचे दोन परिणाम असतील, तर दोन्ही बरोबर वाढावेत असे भाकीत २०२० मध्ये मांडले गेले होते. मधल्या परिवलनमापाचा २०२०११२४ए आपल्या मंद घटकासह त्याच रेषेवर येऊन बसला. आमच्या स्रोताचे परिवलनमाप काही शेकड्यांत होते. त्या रेषेवरून अपेक्षित तेज काढले, तर ते आमच्या व्हीएलबीआय मर्यादेच्या थोडे खाली पडत होते. म्हणजे आमच्या ‘नाही’मुळे ती रेषा मोडत नव्हती आणि सिद्धही होत नव्हती, एवढेच कळत होते की आणखी दोन-तीन पट खोल पाहिले तर निकाल लागेल. परीक्षकांपैकी एकाने विचारले की मग हे आत्ताच का प्रसिद्ध करावे. माझे म्हणणे असे की केवळ सापडलेलेच स्रोत छापले, तर ती रेषा आपोआप सरळ दिसू लागते, कारण तिच्याखालचे सगळे बिंदू कोणाच्या तरी संगणकात पडून राहतात.

मर्यादांचा तक्ता निबंधात गेला, प्रत्येक मर्यादेसमोर निरीक्षणाची तारीख देऊन, कारण हे स्रोत वर्षागणिक बदलू शकतात आणि वेगवेगळ्या वर्षांच्या मर्यादा एकाच वर्णपटात जोडणे धोक्याचे असते. पुढच्या वेळेसाठीचा अर्ज आम्ही १.४ गिगाहर्ट्झसाठी केला नाही. तिथे ताराजन्माचा प्रकाश बराच जास्त असतो आणि आमचा ठिपकाही त्याचाच होता. आम्ही १५ आणि २२ गिगाहर्ट्झ मागितले, जिथे तो प्रकाश बराच मंदावतो आणि २०२०११२४एसारखा चढता वर्णपट असेल तर घट्ट घटक वर येतो. या वारंवारितांवर हवेतल्या बाष्पाचा त्रास असतो, म्हणून कोरड्या ऋतूतली रात्रीची वेळ आणि दर दोन-तीन मिनिटांनी कॅलिब्रेटरकडे परत जाण्याची सवलत, असे दोन्ही अर्जात लिहिले आहे. त्यामुळे लक्ष्यावरचा प्रत्यक्ष वेळ जवळजवळ निम्मा होतो, आणि एकूण तास का वाढवून मागितले आहेत हे समितीला पटवण्यासाठी त्याचा हिशेब जोडपत्रात वेगळा दिला आहे.